पोपटाचा पिंजरा: निवड, निगा आणि बदल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बरीच वर्षं पक्षी आहेत. सध्या गोट्या नावाचा कॉकटील आणि बजरीगरची एक जोडी आहे; दोन्ही छोटे परदेशी पोपट. ओळखीतून ओळखी वाढत गेल्या आणि रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंतची मंडळी पिंजऱ्याचे फोटो पाठवून विचारू लागली. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. पक्षी आजारी दिसला तर आधी पशुवैद्य गाठा, पिंजऱ्याचं नंतर बघू.

१. काकू, आमच्याकडे हिरवा देशी मिठू आहे, गळ्याला लाल कंठी असलेला. त्याला केवढा पिंजरा घेऊ?

पिंजऱ्याच्या आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. कंठीवाला असो की पहाडी, आपल्याकडचे देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात पाळणं हा गुन्हा आहे. "आमच्या आजोबांपासून आहे" हे मला कळतं, पण कायदा बदलत नाही. वनखात्याला कळवा. मात्र वर्षानुवर्षं हातून खाल्लेल्या मिठूला गच्चीवरून उडवून देऊ नका. त्याला खाणं शोधता येत नाही आणि मांजराची भीतीही माहीत नसते.

खालची सगळी उत्तरं घरात पाळता येणाऱ्या परदेशी जातींसाठी आहेत. त्यांतही आफ्रिकन ग्रे, कॉन्युअर, मकाव वगैरे जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर, कॉकटील आणि पीच-फेस लव्हबर्ड या यादीत नाहीत.

२. पिंजरा नेमका केवढा हवा? दुकानदार म्हणतो, छोटा पक्षी, छोटा पिंजरा.

दुकानात पक्षी दोन दिवस राहतो, तुमच्याकडे पंधरा वर्षं राहणार आहे. पक्ष्याने दोन्ही पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जे अंतर होतं, त्याच्या दुप्पट रुंदी धरा. बजरीगरच्या जोडीला कमीत कमी ३० इंच लांब, १८ इंच खोल आणि १८ इंच उंच. एका कॉकटीलला २४ बाय १८ बाय २४ इंच, आणि परवडत असेल तर यापेक्षा मोठा. आफ्रिकन ग्रेला ३६ बाय २४ बाय ४८ इंचांच्या खाली जाऊ नका.

यात लांबी-रुंदी महत्त्वाची, उंची नाही. पोपट आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. उंच, अरुंद मनोऱ्यासारख्या पिंजऱ्यात वरचा अर्धा भागच वापरला जातो आणि खालच्या जागेचे पैसे वाया जातात. मी बघते तेव्हा दहांतले सात पिंजरे असेच उभे असतात, कारण ते ओटीच्या कोपऱ्यात छान मावतात.

३. आजीचा गोल, घुमटाचा पितळी पिंजरा आहे. घासूनपुसून वापरला तर?

दिवाळीत त्यात पणती ठेवा, फार सुंदर दिसेल. पक्षी ठेवू नका. गोल पिंजऱ्यात पाठ टेकायला कोपरा नसतो, त्यामुळे पक्षी घाबरला की गोल गोल फिरत राहतो. घुमटाकडे गज एकत्र येत जातात, तिथे बोट किंवा चोच अडकते. शिवाय पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि जुन्या सांध्यांना शिशाची झाळ असण्याची शक्यता मोठी. जस्त आणि शिसं, दोन्ही पोपटाला विष आहेत (प्रश्न ५ पाहा).

४. गजांमध्ये किती अंतर असावं?

बजरीगर आणि लव्हबर्डला १२ मिमीपर्यंत, कॉकटीलला १२ ते १६, कॉन्युअरला १६ ते १९, आफ्रिकन ग्रेला १९ ते २५ मिमी. शाळेची पट्टी घेऊन दुकानात जा आणि दरवाजाच्या कडेची फट न विसरता मोजा, कारण गज बरोबर असतात आणि फट तिथेच राहते. डोकं बाहेर निघालं पण परत आत आलं नाही, तर काही मिनिटांत जीव जातो.

निदान दोन बाजूंचे गज आडवे हवेत. पोपट चोचीने धरून चढतो, उभ्या गजांवरून तो घसरतो.

५. बाजारात सोनेरी, पांढरे, चकचकीत जाळीचे असे सगळे पिंजरे मिळतात. कोणता धातू घ्यावा?

पहिली पसंती ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला. ते नाही जमलं तर चांगलं पावडर कोटिंग असलेला पिंजरा. चकचकीत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, जाळीचा मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.

मी हे शिकले ते आमच्या चिमीकडून. चिमी माझी पहिली लव्हबर्ड. तिला मी नव्या कोऱ्या जस्ताच्या जाळीचा पिंजरा आणला होता, चांदीसारखा लखलखीत. दोन महिन्यांत ती सारखी पाणी पिऊ लागली. विष्ठा हिरवी आणि पातळ झाली. मग एका सकाळी ती दांडीवर नव्हतीच, तळाला कोपऱ्यात पिसं फुगवून बसली होती. डॉक्टरांनी जस्ताची विषबाधा सांगितली तोवर उशीर झाला होता. नंतर मी तो पिंजरा उजेडात धरून पाहिला. ती जिथे बसायची, बरोबर त्या उंचीवर जाळीची चमक गेली होती. तारांच्या सांध्यांवर जस्ताचे जे बारीक थेंब जमलेले असतात, ते तिथे नव्हते. बाजरीच्या दाण्याएवढे करडे डाग तेवढे उरले होते. पोपटाची चोच दिवसभर चालू असते. पिंजऱ्याला जे लावलेलं असतं, ते तो थोडं थोडं खातच असतो.

कुणी सांगतात की व्हिनेगरने घासलं की जाळी सुरक्षित होते. वरची पांढरी भुकटी आणि सैल कण निघतात हे खरं, पण थर तिथेच राहतो. फिंचसारख्या चोच न चालवणाऱ्या पक्ष्यांना एक वेळ चालेल, पोपटाला नाही.

६. पिंजरा बनवून घेतला तर स्वस्त पडतो का?

स्वस्त नाही, पण टिकतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला स्टीलचं काम करणारे बरेच आहेत. गोट्याचा पिंजरा मी तसाच करून घेतला. सांगताना "स्टेनलेस" म्हणून थांबू नका, "३०४" म्हणा आणि बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून पाहण्याचा काही उपयोग नाही, कारण स्वस्तातल्या २०२लाही ते चिकटत नाही, आणि २०२ला आपल्या पावसाळ्यात गंज येतो. कारागीर टेस्टिंगचा थेंब टाकून रंगावरून दोन्हींतला फरक दाखवतात, तो समोर दाखवायला सांगा. सांधे आर्गन वेल्डिंगचे हवेत आणि बोट फिरवून कुठे टोचत नाही ना हे बघायचं.

दरवाजा वर सरकणारा करू नका. पक्षी तो चोचीने उचलून डोकं बाहेर काढतो आणि दरवाजा मानेवर पडतो. बाजूला उघडणारा, कडीचा दरवाजा चांगला.

७. पिंजरा घरात कुठे ठेवू? झोपाळ्याच्या कडीला टांगला तर चालेल?

बडोद्यात घरोघरी झोपाळ्याच्या कड्या असल्यामुळे हा प्रश्न नक्की येतो. टांगू नका. हलणाऱ्या पिंजऱ्यात पक्षी निवांत झोपत नाही. पिंजरा स्टँडवर, एक बाजू भिंतीजवळ पण न टेकवता, आपल्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर, घरातली माणसं जिथे बसतात तिथे ठेवा.

स्वयंपाकघर कायमचं वर्ज्य. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत राहिला की त्यातून जो वायू निघतो, तो आपल्याला जाणवतही नाही आणि पोपट काही मिनिटांत मरतो. फोडणीचा ठसकाही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. देवघराजवळही नको: उदबत्ती, धूप, कापूर हे सगळं आपल्यासाठी मंगल, पण त्याच्यासाठी धूरच. मच्छर अगरबत्ती आणि डांबराच्या गोळ्या तर त्या खोलीतच नकोत. पंख्याखाली आणि एसीच्या झोतात ठेवू नका. पक्षी बाहेर सोडताना पंखा बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

८. पिंजऱ्यासोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्या राहू द्यायच्या का?

काढून टाका. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर पायाच्या त्याच जागेवर सतत भार येतो, तळवा लाल होतो आणि मग फोड येतात. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या लावा. औषध न फवारलेली फांदी तोडायची, घासून धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. जाडी कमी-जास्त असलेली मुद्दाम निवडा. बजरीगरला साधारण १२ मिमीपासून, कॉकटीलला १६ ते २० मिमी, म्हणजे बोटांचा विळखा दोन तृतीयांश फांदीभोवती पडेल इतकी. कण्हेर, धोतरा, घाणेरी आणि अव्होकाडो यांच्या फांद्या विषारी आहेत. सँडपेपरची खोळ पाय सोलते.

दांडी खाण्याच्या वाटीवर येऊ देऊ नका, नाहीतर विष्ठा वाटीत पडते. चोच घासायला आणि कॅल्शियमसाठी लागणारं समुद्रफेन काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्त मिळतं. मऊ बाजू आत करून ते गजाला बांधा.

९. खेळणी, आरसा, झोपायला मऊ झोपडी, घरट्यासाठी मातीची मटकी यांतलं काय ठेवावं?

खेळणी हवीतच. पोपट हा बुद्धिमान जीव आहे. आपल्याच बडोद्यात महाराजा सयाजीरावांच्या पदरी असलेले शिकवलेले पोपट चांदीच्या इवल्याशा सायकली चालवायचे. असा पक्षी रिकाम्या पिंजऱ्यात बसला की स्वतःची पिसं उपटायला लागतो. नारळाची करवंटी, न रंगवलेलं लाकूड, वहीच्या कागदाची पुरचुंडी करून आत दोन दाणे, एवढं पुरतं. दोन-तीन ठेवा आणि दर आठवड्याला एखादं बदला. सुटे धागे, साखळीच्या बारीक कड्या आणि जस्ताच्या घंटा नकोत.

आरसा नको, एकटा पक्षी त्या प्रतिबिंबाशीच संसार मांडतो. मऊ झोपडीचे धागे पोटात जाऊन अडकतात. पिल्लं करायची नसतील तर मटकीही काढा, कारण मटकी दिसली की मादी अंडी घालत राहते, तिच्या हाडांतलं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून ती दगावू शकते.

१०. ट्रेमध्ये भुसा घालू का?

नको. भुसा, लाकडाचा चुरा, वाळू यांत ओल धरून बुरशी वाढते आणि बुरशीचे कण थेट फुप्फुसांत जातात. साधं वर्तमानपत्र घाला. विष्ठा कशी आहे हे कागदावर रोज दिसतं, आणि पोपटाचा आजार सगळ्यात आधी तिथेच कळतो.

११. साफसफाई किती वेळा करायची? रोज सगळा पिंजरा धुवायला वेळ नसतो.

रोज सगळा धुवायचा नसतोच. सकाळी कागद बदला, पाण्याची वाटी घासून भरा. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळीही बदला. भाजी-फळ दोन तासांनी काढून घ्या. आठवड्यातून एकदा दांड्या, वाट्या, ट्रे आणि तळाची जाळी गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. महिन्यातून एकदा पक्ष्याला दुसरीकडे ठेवून अख्खा पिंजरा धुवा आणि निर्जंतुक करा (प्रश्न १२). वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका, आधी ओली करा. तिची धूळ श्वासातून गेली तर माणसालाही पोपटापासून येणारा ताप होऊ शकतो.

आता दाण्याच्या वाटीबद्दल. बजरीगर राळ्याचा, म्हणजे इथल्या भाषेत कांगचा, दाणा उचलतो, सोलतो आणि टरफल परत वाटीतच टाकतो. वरून पाहिलं तर वाटी काठोकाठ भरलेली. मांजलपूरच्या एका ताईंनी मला असा फोटो पाठवला होता: "खायला भरपूर आहे, तरी मलूल का?" मी म्हटलं, वाटीवर फुंकर मारून बघा. सगळी वाटी उडाली, तळाला सहा-सात दाणे निघाले. पक्षी दीड दिवस उपाशी होता. रोज सकाळी फुंकर मारल्याशिवाय वाटी भरलेली आहे असं समजू नका.

१२. फिनाईल किंवा डेटॉलने पिंजरा धुतला तर जास्त स्वच्छ नाही का होणार?

दोन्ही नकोत, त्यांचा वास आणि अंश पक्ष्याला घातक आहेत. आधी साबणाने मळ काढा, कारण घाणीवर कुठलंही जंतुनाशक काम करत नाही. मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच घालून ते पिंजऱ्यावर दहा मिनिटं राहू द्या. भरपूर पाण्याने धुवा, कडक उन्हात वास जाईपर्यंत वाळवा. हे अंगणात किंवा गच्चीत करायचं, पक्षी घरात दूर. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो.

१३. पिंजऱ्यात मुंग्या येतात. भोवती खडूची रेघ ओढू का?

मुंग्यांचा खडू म्हणजे कीटकनाशक. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुधाच्या कपाटाला ठेवायचे तसे. स्टँड भिंतीला टेकत नाही ना ते बघा, नाहीतर मुंग्या तिथून चढतात. फळाचे तुकडे रात्री आत राहू देऊ नका.

१४. मे महिन्यात पिंजरा गॅलरीत ठेवावा की आत?

आत. पारा ४२-४३ वर गेला की गॅलरीतले गज हाताला चटके देतात. पक्षी चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून लांब धरत असेल, तर त्याला उष्मा सोसत नाहीये. लगेच गार खोलीत न्या, पाय आणि पंखांखाली साध्या पाण्याचा फवारा मारा, बर्फाचं पाणी नको. एरवी आंघोळीला उथळ ताटली द्या. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास चांगलं, पण पिंजऱ्याचा एक भाग सावलीत असलाच पाहिजे आणि तुम्ही जवळ हवं. मांजर पिंजऱ्याबाहेरूनही नख मारतं.

१५. रात्री पिंजरा झाकायचा का? आमचा कॉकटील मध्यरात्री एकदम फडफडतो.

दहा-बारा तास शांत अंधार त्याला लागतो. सुती चादर टाका, एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा. कॉकटीलना रात्री दचकायची सवय असते: पाल हलली, गाडीचा उजेड पडला की अंधारात गजांवर आपटतात आणि पंखातलं रक्तपीस, म्हणजे नवं वाढणारं, रक्त भरलेलं पीस, मोडतं. अशा पक्ष्याला पूर्ण झाकू नका, खोलीत मंद झिरो बल्ब ठेवा. फडफड सुरू झाली तर दिवा लावून हळू आवाजात नावाने हाक मारा. हात आत घालू नका. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत हलवा.

१६. पिंजरा बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

वर्षांवरून नाही, अवस्थेवरून. पावडर कोटिंग चोचीने सोलून आतला धातू दिसायला लागला, सांध्यांवर गंज आला किंवा गज वाकून फट वाढली, यातलं काहीही एक झालं की पिंजरा निवृत्त. स्प्रे पेंट मारून पुढे ढकलू नका, तो रंगही पोटातच जाणार. कडी सैल असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर मात्र स्टीलचा हूक लावून काम भागतं.

१७. नवा मोठा पिंजरा आणला, पण पक्षी आत जायलाच तयार नाही.

त्याचं घर गेलं आहे, त्याला वेळ द्या. नवा पिंजरा जुन्याच्या शेजारी, दरवाजे समोरासमोर ठेवून तीन-चार दिवस नुसता दिसू द्या. मग त्याची आवडती दांडी आणि एक जुनं खेळणं नव्यात हलवा. नंतर राळ्याचं कणीस फक्त नव्यात ठेवा. गोट्याला नऊ दिवस लागले. सहाव्या दिवशी तो आत जाऊन कणीस तोडून परत जुन्या घरात येऊन खात बसला होता. धरून कोंबलं असतं तर माझ्या हाताला तो महिनाभर आला नसता. जुनं घर तो रात्री आपणहून नव्यात झोपेपर्यंत हलवू नका.

१८. ओळखीच्यांचा पोपट गेला, त्यांचा पिंजरा फुकट मिळतोय. घेऊ?

आधी विचारा, पोपट कशाने गेला. चोच आणि पिसांच्या विषाणूजन्य रोगाचे जंतू साध्या धुण्याने मरत नाहीत आणि पिंजऱ्यात फार काळ टिकतात. कारण माहीत नसेल तर नको म्हणा. पक्षी म्हातारपणाने किंवा अपघाताने गेला असेल तर लाकडाचं आणि दोरीचं सगळं फेकून, प्रश्न ५ आणि १६ मधल्या कसोट्या लावून, प्रश्न १२ प्रमाणे दोनदा धुऊन वापरता येईल.

१९. एकटा आहे म्हणून दुसरा पक्षी आणला. त्याच पिंजऱ्यात सोडू?

नाही. नवा पक्षी किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या वाट्यांसह ठेवा. मग पिंजरे शेजारी ठेवून ओळख होऊ द्या. लव्हबर्ड बजरीगरबरोबर कधीच नको, तो पायांची बोटं तोडतो.

२०. पुरात घर सोडावं लागलं तर एवढा मोठा पिंजरा कसा न्यायचा?

नेताच येत नाही, म्हणून छोटा प्रवासी पिंजरा आधीच घरात हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा समा भागातल्या माझ्या बहिणीने तिचे दोन बजरीगर भाजीच्या दोन टोपल्या एकमेकींवर पालथ्या घालून, परकराच्या नाडीने बांधून वरच्या मजल्यावर नेले. वाचले, पण तिचे हात थरथरत होते. प्रवासी पिंजरा, दोन दिवसांचे दाणे आणि एक चादर माळ्यावर नको, हाताशी येईल अशा वरच्या फळीवर ठेवा. वर्षातून दोन-तीनदा पक्ष्याला त्यात दाणे घालून बसवा, म्हणजे ऐन वेळी धरपकड होत नाही.

२१. उत्तरायणात गच्चीवर मांज्याने कापलेला पोपट सापडला. आमच्या पिंजऱ्यात ठेवू का?

तुमच्या पक्ष्याजवळ नको, आणि पिंजऱ्यातही नको. गजांवर आपटून तो जखम वाढवून घेतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला जुना सुती कपडा घाला, टॉवेलने अलगद धरून आत ठेवा आणि खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने हलका दाब द्या. पंखात गुंतलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापून उरलेला डॉक्टरांवर सोडा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. १९६२ वर फोन करा. गुजरातभर प्राण्यांच्या रुग्णवाहिकेचा हा नंबर आहे आणि उत्तरायणात जखमी पक्ष्यांसाठी चालणाऱ्या करुणा अभियानाच्या दिवसांत जखमी पक्षी स्वीकारायला जागोजागी केंद्रंही असतात. मग हात साबणाने धुवा, कपडे बदला, आणि त्यानंतरच आपल्या पक्ष्याच्या पिंजऱ्याकडे जा.